धानाचे कोठार आणि अन्नाचे ताट
(दुष्काळ निवारण समितीच्या भंडारा येथील सभेत केलेले भाषण)



समितीच्या कार्याचा अहवाल आपण आताच ऐकला. भुकेल्यास अन्न देणे हे प्रथम कर्तव्य होय, याविषयी दुमत संभवत नाही. परंतु साहाय्य करणाराने एक प्रश्न स्वतःस विचारावयास हवा. ज्या जिल्ह्यास तलावांचा व धानाचा जिल्हा म्हणतात, तेथे एका पावसाळ्याने दगा देताच मदतीची झोळी का पसरावी लागते? पाऊस हे या संकटाचे निमित्त होय. त्याचे कारण पुष्कळ अंशी आपल्या शेतीविषयक धोरणात आहे, असे माझे नम्र मत आहे. धोरणाने धानाच्या कोठाराकडे पाहिले, माणसाच्या ताटाकडे पाहिले नाही.

प्रथम तलावांचा विचार करू. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने या मुलखात तलाव बांधले. पूर्व विदर्भात अशा मालगुजारी तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक भरते. त्यांचे पाणी बांधीतील धान पिकवी. त्यांतील मरळ, वाम अशी मासळी आणि शिंगाडे गरिबाच्या घरी जात. उपसलेला गाळ शेतास खत होई. सन 1950 च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली व 1951 साली हे तलाव शासनाच्या मालकीचे झाले. मालगुजारी गेली हे न्याय्यच झाले. तिचे गोडवे गाण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. परंतु गाळ काढण्याचा व पाळ राखण्याचा भार पुढे कोणी वाहावयाचा, याची व्यवस्था त्या हस्तांतराबरोबर नीट लागली नाही. मालक बदलला आणि राखणदार नाहीसा झाला. कित्येक तलाव उथळ झाले, कित्येकांत बेशरमाची झुडपे माजली. सन 1988 मध्ये वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. मोठे धरण हवेच; परंतु कालवा पोचत नाही अशा गावास त्याचा तलाव हाच आधार, आणि मासळी तर कालव्यातून ताटात येत नाही.

दुसरे उदाहरण लाखोळीचे. धान कापणीस येण्यापूर्वी ओल्या बांधीत तिचे बी फेकतात. नांगरट नको, पाणी नको; उरलेल्या ओलीवर डाळ पिकते आणि जमिनीस नत्रही मिळते. इतर पिके करपली तरी ही तग धरते, आणि हाच गुण तिला भोवला. सन 1896-97 व 1899-1900 च्या दुष्काळांत मध्यप्रांत होरपळून निघाला. अशा काळात दुसरे काहीच न उरल्यामुळे जो महिनोन्‌महिने मुख्यतः लाखोळीवरच जगे, त्याचे पाय तिच्यातील विषद्रव्याने कायमचे लुळे पडण्याचे भय असे. पुढे 1961 साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनी तिच्या विक्रीस बंदी घातली. रोग खरा होता. तो मी लेशमात्र कमी लेखीत नाही. परंतु वकिलाच्या दृष्टीने पाहता, त्या नियमाने डाळीस आरोपी केले, आणि माणसास त्या एकाच डाळीवर जगावयास लावणाऱ्या उपासमारीस मात्र निर्दोष सोडले. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास विषद्रव्य बरेच कमी होते. शिवाय कमी विषाचे 'प्रतीक', 'रतन', 'महातिवडा' असे वाण आता निघाले आहेत. मिश्र आहारात बेताने खावयाची डाळ आणि उपाशी माणसाचे एकमेव अन्न, या दोहोंतला भेद धोरणाने ओळखावयास हवा होता.

तिसरी गोष्ट खरेदीची. केंद्र शासन 22 पिकांस आधारभूत किंमत जाहीर करते; त्यांत लाखोळी नाही. साधारण धानास 2025-26 च्या हंगामासाठी क्विंटलमागे 2,369 रुपये ठरले. शेतकऱ्यास दोष का द्यावा? ज्या मालास ग्राहक निश्चित, तोच माल तो पिकविणार. पाणी असेल तेथे तो उन्हाळ्यातही धानच लावतो, आणि धुऱ्यावरची तूर मागे पडते. सन 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने दरडोई 5 किलो धान्याचा हक्क दिला, हा मोठाच उपकार; परंतु तो हक्क धान्याचा आहे, डाळीचा नाही. पोट भरते, अंग भरत नाही. प्रा. अमर्त्य सेन यांनी 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून 1981 साली दाखवून दिले की, देशात धान्य असूनही ते मिळविण्याचे सामर्थ्य नसल्याने माणसे मरतात. त्यास मी इतकेच जोडीन की, कोठारात धान असूनही मुले अशक्त राहू शकतात.

यास्तव समितीपुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, मदतीची कामे काढावयाची तर प्रथम तलावांची काढावी. ती करताना ढीवर बांधवांचा सल्ला घ्यावा, आणि यंत्राने सरसकट खरवडून काठाचा उथळ उतार नष्ट करू नये. कारण पाणवनस्पती तेथेच वाढतात व मासळीची पिल्ले त्यांच्याच आश्रयाने जगतात. दुसरी, धान्यवाटपाबरोबर तुरीचे आणि कमी विषाच्या लाखोळीचे बी वाटावे, व डाळ शिजविण्याची रीत घरोघर समजावून द्यावी. तिसरी, या जिल्ह्यात पिकलेली तूर व तलावातील मासळी येथल्याच शाळा, आश्रमशाळा व वसतिगृहांसाठी विकत घ्यावी, असा अर्ज समितीने शासनाकडे करावा. तो लिहून देण्याचे व त्याचा पाठपुरावा करण्याचे काम मी विनामोबदला पत्करतो.

बंधुभगिनींनो, आज दिलेले धान्य एक महिना पुरेल. राखलेला तलाव पुढच्या पिढीस पुरेल. दोन्ही देणे आपणास प्राप्त आहे. ज्यांच्यापाशी द्रव्य आहे त्यांनी द्रव्य द्यावे, ज्यांच्यापाशी बी आहे त्यांनी बी द्यावे, आणि ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नाही त्यांनी पाळीवर चार दिवस श्रम द्यावे, अशी समितीच्या वतीने आपणा सर्वांस सविनय विनंती करून मी आपली रजा घेतो.