कान आपलाच आहे
(विश्रामबाग, सांगली इथं केलेलं भाषण)



मी गोदी कामगार. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो, पण आज कवितेवर बोलणार नाही. इंग्रजीवर बोलणार आहे, आणि तेही कानानं शिकायच्या इंग्रजीवर.

वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओता, असं गौतमधर्मसूत्रात लिहिलंय. का? कारण त्यांना ठाऊक होतं, विद्या आधी कानातून आत शिरते. ७ नोव्हेंबर १९०० ला शेजारच्या साताऱ्यात भिवा रामजी आंबेडकर हे नाव इंग्रजी पहिलीच्या रजिस्टरात चढलं. पुढं मुंबईत त्याच पोराला संस्कृत नाकारलं, फार्सी घ्यावी लागली. इंग्रजीला मात्र कुणाला कुंपण घालता आलं नाही.

आता मुद्दा. मराठीत 'पोलिसानं पोराला मारलं' म्हणा, नाहीतर 'पोराला पोलिसानं मारलं' म्हणा. मारणारा पोलिसच. 'नं' आणि 'ला' शब्दाला घट्ट चिकटून असतात. इंग्रजीत असं चिकटवण नाही. तिथं जागा बोलते. 'द पोलिस बीट द बॉय' म्हणजे पोलिसानं मारलं. दोन शब्दांची अदलाबदल केली की 'द बॉय बीट द पोलिस'. मार खाल्लेलं पोरगंच आरोपी! गावात माणसाची किंमत जागेवरून ठरवतात ना, तसंच हे. आणि ही गंमत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच बसलं. सांगलीच्या केसेस आता तिथं जातात. अंतर कमी झालं, पण कामकाज इंग्रजीतच. आपल्या नावानं कागदावर काय लिहिलंय ते आपल्याला कळायला नको?

दुसरी खोड त्या जोडक्रियापदांची. 'ले' म्हणजे ठेवणं, 'ऑफ' म्हणजे बाजूला. पण 'ले ऑफ' म्हणजे काय ते गिरणगावातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा. डिक्शनरी न बघता सांगेल, चूल बंद. आपल्याकडंही आहेच की. 'खाऊन टाक' म्हणतो तेव्हा कोण काय टाकतं? हा 'टाक' कुणी व्याकरणातून शिकलेला नाही. आईच्या तोंडून कानात बसला.

गोदीत 'हबेस' म्हटलं की माल वर, 'आर्या' म्हटलं की खाली. ज्याला सही येत नाही तोही चुकत नाही, कारण चुकला तर खालचा माणूस मरतो. कान असा तयार होतो.

म्हणून काम सांगतो. मोबाईलवर एक छोटं वाक्य लावा. थांबवा. मोठ्यानं म्हणा. मग कागदावर लिहा आणि पुन्हा ऐकून ताडून बघा, कुठला शब्द जागा सोडून बसलाय. 'पिक अप द बॉक्स' चालतं, 'पिक द बॉक्स अप'ही चालतं. पण खोक्याच्या जागी 'इट' आला की फक्त 'पिक इट अप'. 'पिक अप इट' नाहीच. नियम पाठ करत बसू नका. शंभरदा ऐका. 'अप'वर पडणारा जोर ऐका. मग चुकीचं वाक्य कानाला खड्यासारखं टोचेल. एका दिवशी एकच क्रियापद धरा. आज 'टेक ऑफ', 'टेक ओव्हर', 'टेक ऑन'. उद्या दुसरं.

काय ऐकायचं? १९५५ साली बीबीसीनं बाबासाहेबांची मुलाखत घेतली. तो आवाज आज उपलब्ध आहे. त्यातलं एकेक वाक्य थांबवून ऐका. आपल्या बापाचं इंग्रजी आहे ते, कुणा साहेबाचं नाही.

इथं विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेज १९१९ पासून उभं आहे. त्या वर्गात तुमच्यातली काही पोरं मागच्या बाकावर तोंड मिटून बसतात. इंग्रजी येत नाही म्हणून नाही, कुणी हसेल म्हणून. हसू द्या. हसणाऱ्याच्या घरात ती तीन पिढ्या ऐकली गेली. आपल्या घरात पहिला कान आपला आहे.

तो उघडा ठेवा. आणि जे ऐकाल ते धाकट्या बहिणीला मोठ्यानं ऐकवा.