उच्च प्राथमिक शाळांची तुलना
(शिक्षक संमेलनातील भाषण)



जालना जिल्ह्यात सहावी ते आठवीचे वर्ग दोन प्रकारच्या घरांत नांदतात. काही गावी ते प्राथमिक शाळेचे वरचे वर्ग असतात, तर काही गावी जिल्हा परिषदेच्या प्रशालेचे खालचे वर्ग. हा दुसरा प्रकार मराठवाड्याचा विशेष होय. निजामी राजवटीत तहतानिया, वस्तानिया व फौकानिया अशा तीन पायऱ्यांच्या शाळा होत्या. १९४८ मध्ये ती राजवट संपली, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि सरकारी माध्यमिक शाळांचा वारसा येथे परिषदांकडे आला. १९८१ मध्ये जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा त्याच्या वाट्याचा वारसा त्याच्याबरोबर गेला.

अशा दोन शाळा शेजारी ठेवून अमकी चांगली, तमकी वाईट असा निवाडा गावकरी सहज देतात. प्रशालेत विषयवार शिक्षक असतात, प्रयोगाचे साहित्यही बहुधा अधिक. परंतु तेथे चार गावांची मुले येतात आणि त्यांची पूर्वतयारी सारखी नसते. प्राथमिक शाळेत पुष्कळदा एकाच शिक्षकास गणित व इंग्रजी दोन्ही सांभाळावे लागते. मात्र तेथील शिक्षक मुलास पहिलीपासून ओळखतात. मूल कोठून निघाले याची नोंद नसेल, तर ते कोठवर आले हे कशावरून ठरवावे? मग तुलना इमारतींचीच होते.

याहून मोठी चूक पटाच्या आकड्यांत दडलेली असते. मंठा, घनसावंगी, अंबड, परतूर या भागांतून दसरा-दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीस जातात व पाडव्याच्या सुमारास परततात. समजा, एका शाळेत सातवीच्या पटावर ४० मुले आहेत. जानेवारीच्या चाचणीस २४ हजर असून त्यांतील १८ मुलांना भागाकार येतो; प्रमाण शेकडा ७५. दुसऱ्या शाळेने वस्त्या-तांडे फिरून, हंगामी वसतिगृहाची सोय लावून ४० पैकी ३८ मुले राखली. त्यांतील २४ मुलांना भागाकार येतो. प्रमाण शेकडा ६३. अहवालात पहिली शाळा वर दिसते. तेच आकडे पटसंख्येने भागले, म्हणजे पहिलीचे प्रमाण ४५ वर उतरते आणि दुसरीचे ६० राहते! जी १६ मुले फडावर होती, त्यांची गैरहजेरीच पहिल्या शाळेच्या कौतुकास कारण झाली. कोयत्यामागे निघालेले मूल ज्यांनी थांबविले, त्या शिक्षकांच्या पदरी कमीपणा यावा हा अन्याय होय.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस व १००० तास अध्यापन सांगितले आहे. ३५ मुलांमागे एक शिक्षक आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी निदान एकेक शिक्षक सांगितला आहे. हे तपासणे सोपे आहे. पण शाळा २२० दिवस भरली, म्हणून पटावरचे प्रत्येक मूल तितके दिवस शाळेत होते असे नाही. मुलींबाबत तर पाचवीअखेर दाखला नेलेल्यांपैकी कितीजणी पुढच्या गावी सहावीत प्रत्यक्ष बसल्या, हेही पाहावे लागते.

केंद्राच्या बैठकीस येताना दोन्ही शाळांनी सप्टेंबर व जानेवारीची हजेरीपत्रके आणावीत. श्रुतलेखन व उदाहरणे एकच ठेवावीत. तक्त्यात ‘मूल कोठे गेले’ असा एक रकाना असावा. शिक्षण हमी पत्रक दिले असल्यास कारखान्याजवळच्या शाळेचे नाव त्यात लिहावे. नसल्यास तो रकाना रिकामाच दिसू द्यावा.