काठिण्य कशात मोजावे?

कोणत्या देशातील शाळा अधिक कठीण, हा प्रश्न वरकरणी सरळ भासला तरी काठिण्य कशात मोजावयाचे हे ठरल्यावाचून त्याचा निकाल लागत नाही. दक्षिण कोरियात दर नोव्हेंबरात विद्यापीठ-प्रवेशाची जी एकदिवसीय परीक्षा होते, तिच्यासाठी सरकारी कचेऱ्या उशिरा उघडतात, आणि इंग्रजीची श्रवणचाचणी चालू असेतोवर विमानांची उड्डाणेदेखील स्थगित ठेवण्याचा हुकूम सुटतो. प्रश्नपत्रिकेपायी आकाशाचा बंदोबस्त करणारे राज्य विरळेच! फिनलंडमध्ये मात्र मूल ७व्या वर्षी शाळेत दाखल होते, आणि मूलभूत शिक्षणाच्या ९ वर्षांत एकाही राष्ट्रव्यापी परीक्षेची टांगती तलवार त्याच्या शिरावर नसते. तरीही २००० सालच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत वाचनात त्याच देशाने प्रथम क्रमांक मिळविला. फ्रान्समध्ये, नेपोलियनच्या अमदानीत १८०८ साली स्थापन झालेल्या बाकालोरेआ या शालान्त परीक्षेत, सामान्य शाखेच्या विद्यार्थ्याला ४ तास बसून तत्त्वज्ञानावर लिहावे लागते. केवळ पाठांतराच्या बळावर मजल मारणाऱ्या आपल्याकडील हुशार उमेदवाराची तेथे भंबेरीच उडेल. स्पर्धेतून उपजणाऱ्या काठिण्यापेक्षा विचारातून उपजणारे हे काठिण्यच, माझ्या मते, अधिक स्पृहणीय होय.