भिंत कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कलेचा विषय निघाला की आपल्यापैकी अनेकांना तो रिकामपणाचा उद्योग वाटतो. मी अर्थशास्त्राचा अध्यापक. म्हणून आज तो विषय घराच्या आणि घरभाड्याच्या बाजूनेच मांडणार आहे. उदाहरण पोर्तुगालचे घेतो.

त्या देशात भिंतींवर झिलई दिलेल्या चौकोनी, चित्रित लाद्या बसवितात. त्यांना ‘अझुलेजो’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत ‘अझुल’ म्हणजे निळा. तेव्हा हा शब्द निळ्या रंगावरून आला असावा, असा समज होतो. वस्तुतः त्याचे मूळ अरबी आहे. ‘अल्-झुलैज’ म्हणजे घासून गुळगुळीत केलेला लहान दगड. ज्या मुसलमानांची सत्ता तेथून उखडून टाकली, त्यांचीच कारागिरी पुढे त्या राष्ट्राची ओळख ठरली. संस्कृतीच्या शुद्धतेचा घोष करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

सोळाव्या शतकाच्या आरंभी राजा मानुएल पहिला याने सेव्हिलच्या लाद्या सिंत्राच्या राजवाड्यात बसविल्या. पुढची तीन शतके ही कला मुख्यतः राजवाडे, मठ आणि चर्च यांच्या आतच राहिली. अठराव्या शतकातील तिच्या वैभवामागे ब्राझीलच्या खाणींतील सोने होते, आणि त्या सोन्यामागे गुलामांचे श्रम होते. एकोणिसाव्या शतकात मात्र लादी घराबाहेर आली. ब्राझीलमध्ये पैसा मिळवून परतलेल्या लोकांनी दर्शनी भिंती लाद्यांनी मढविण्याची चाल आणली. पाऊस आणि ऊन यांपासून भिंतीचे रक्षण होई. लिस्बनमध्ये १८४९ साली सुरू झालेल्या व्हिउव्हा लामेगोसारख्या कारखान्यांमुळे मालही स्वस्त झाला. कोरलेला साचा लादीवर ठेवून कामगार त्यावरून रंगाचा कुंचला फिरवीत. अशा रीतीने सरदाराच्या दालनातील चित्र रस्त्याने जाणाऱ्या हमालालाही दिसू लागले. त्यासाठी त्याला कोणाच्या दारात परवानगी मागावी लागली नाही.

विसाव्या शतकात हीच वाट पुढे गेली. लिस्बनची भुयारी रेल्वे १९५९ साली, सालाझारच्या हुकूमशाहीच्या काळात सुरू झाली. तिच्या पहिल्या स्थानकांच्या भिंतींसाठी मारिया कैल या चित्रकर्तीने लाद्यांच्या रचना केल्या. १९९८ साली उघडलेल्या ओरिएन्ते स्थानकात जगभरच्या कलावंतांची लाद्यांवरील कामे आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि येथील प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या गटातले सय्यद हैदर रझा त्यांपैकीच एक.

आजच्या पिढीने त्यापुढचे पाऊल टाकले आहे. ‘ॲड फ्युएल’ या नावाने काम करणारा दियोगो माशादो रस्त्यावरच्या भिंतींवर जुन्या नक्षीची मांडणी करतो. दुरून ती आजोबांच्या काळची वाटते. जवळ गेले की तिच्यात आजच्या व्यंगचित्रांतील विचित्र आकृती डोळे वटारून पाहताना दिसतात. तोही कोरलेले साचेच वापरतो. म्हणजे कारखान्यातील कामगाराचे हत्यार रस्त्यावरच्या चित्रकाराच्या हाती आले. लिस्बनच्या सांता क्लारा मैदानालगतच्या बागेच्या भिंतीवर आंद्रे सारायव्हा याने २०१६ साली ५० हजारांहून अधिक लाद्यांचे भित्तिचित्र उभे केले. त्या लाद्या व्हिउव्हा लामेगोच्याच.

परंतु याच मैदानात भरणाऱ्या जुन्या बाजारात भिंतींवरून उपटलेल्या लाद्या सुट्या विकल्या जात आल्या आहेत. प्रवासी त्या आठवण म्हणून नेतात आणि घराची भिंत उघडी पडते. या चोरीविरुद्ध पोलिसांच्या संग्रहालयाने २००७ साली मोहीम उघडली. २०१३ साली लिस्बन नगरपालिकेने आणि २०१७ साली संसदेने दर्शनी भिंतींवरच्या लाद्या काढण्यास प्रतिबंध करणारे नियम केले. ही उत्तम गोष्ट झाली.

आता दुसरी बाजू पाहा. २०११ साली पोर्तुगालने ७८ अब्ज युरोंचे कर्ज घेतले. त्याच्या अटींना अनुसरून २०१२ साली भाडे कायदा बदलला आणि जुन्या भाडेकरूंचे संरक्षण सैल झाले. वृद्ध आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांना काही सवलती राहिल्या, एवढेच. त्याच वर्षी ५ लाख युरोंचे घर घेणाऱ्या परदेशीयांना निवासाचा परवाना देण्याची योजना आली. अल्फामा आणि मोरारिया या जुन्या वस्त्यांतील खोल्या प्रवाशांना दिवसाच्या भाड्याने जाऊ लागल्या. लादी भिंतीवर राहिली. भिंतीआडचे कुटुंब गेले.

कोणी म्हणेल, गोठविलेल्या भाड्यांमुळेच घरे मोडकळीस आली होती. हे खरे आहे. मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती आणि लाद्या गळून पडत होत्या. पण त्यावरचा उपाय म्हणजे दुरुस्तीसाठी सार्वजनिक पैसा आणि समंजस भाडे. भाडेकरूला रस्ता दाखविणे नव्हे. शिवाय रस्त्याच्या शोभेमुळे घराची किंमत वाढते, ती शोभा कोणी निर्माण केली? कारागिरांनी, चित्रकारांनी आणि वस्ती जिवंत ठेवणाऱ्या रहिवाशांनी. ती वाढ एकट्या मालकाच्या खिशात जावी, याला अर्थशास्त्रात न कमावलेले उत्पन्न म्हणतात. त्यावर समाजाचा हक्क आहे. १ एप्रिल २०२३ रोजी लिस्बनच्या रस्त्यांवर हजारो लोक घराच्या हक्कासाठी उतरले. त्याच वर्षी घरखरेदीवरील परवान्याची वाट बंद करण्यात आली.

आपल्या शेजारीच पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या भिंतींवर जोर्ज कोलासो याने केलेली वास्को द गामाच्या पराक्रमाची निळी चित्रे आहेत. पोर्तोच्या साँव बेंतू रेल्वे स्थानकातील चित्रेही त्याचीच. गोवा मुक्तीनंतर लोकांनी ती फोडली नाहीत. वास्को द गामाचे नाव धारण करणाऱ्या त्या संस्थेला मात्र सालाझारशाहीला विरोध करणाऱ्या लुईस द मेनेझिस ब्रागांझा यांचे नाव दिले. जुनी लादी जपावी आणि तिच्यावरची मालकी बदलावी, असाही मार्ग असतो.

म्हणून मित्रहो, शहराच्या सौंदर्याची मागणी आपण श्रीमंतांवर सोडू नये. मात्र भिंत वाचविणारा कायदा मागताना भिंतीआडच्या माणसाला वाचविणारा कायदा त्याच अर्जात मागावा.