महेश्वरच्या मागावर



यंदा आम्ही काही जण इंदूरहून महेश्वरला गेलो, तिथल्या विणकरांशी बोलायला. अहिल्याबाईंनी (राज्यकाळ १७६७ ते १७९५) विणकरांना आश्रय देऊन ही कला तिथे रुजवली. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. काठात किल्ल्याच्या भिंतींवरची नक्षी आणि नर्मदेच्या लहरी.

एका वृद्ध चाचांना आम्ही विचारलं, “ही नक्षी कुठे लिहून ठेवलीय?” त्यांनी हात पुढे केले, “इथं.” मुलगा इंदूरला रिक्षा चालवतो, मागापेक्षा त्यात जास्त सुटतात. म्हणजे त्या हातांनंतर मागावर कोण बसणार?

आपल्या गौरी महेश्वरी नेसतात. आमची विनंती एवढीच: पुढची साडी विणणाऱ्याकडूनच घ्या, आणि त्याच्याजवळ घटकाभर बसा.