भिडेचें भांडवल

लग्नपत्रिकेखालीं यजमानाचें नांव छापतात, तें केवळ शोभेसाठीं नव्हे. बोलावणारा मनुष्य ओळखीचा आहे, त्याचा शब्द मोडणें बरें दिसणार नाहीं, या विचारानेंच पुष्कळदां पाहुणा घराबाहेर पडतो. या भावनेस मराठींत 'भीड' असा नेमका शब्द आहे. इंटरनेटवर सभासद जमविणाऱ्या कित्येक संस्थांनीं ही भीडच आपलें भांडवल केलें.

अशा संस्थेंत एकट्या सभासदास कांहींच लाभ नसतो; ओळखीचे लोक जितके अधिक, तितकी ती उपयोगी. म्हणून सभासदसंख्या वाढविणें हा तिच्या जीवनमरणाचा प्रश्न होतो. वर्तमानपत्रांतील जाहिरातीस द्रव्य लागतें आणि वाचक ती सहज दृष्टीआड करतो. मित्राच्या नांवानें आलेलें पत्र मात्र उघडलें जातें, आणि तें पाठविण्यास खर्चहि जवळजवळ नसतो.

व्यावसायिकांच्या परस्परपरिचयासाठीं २००३ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या 'लिंक्डइन'चें उदाहरण बोधप्रद आहे. सभासदानें आपली ईमेल-पत्त्यांची यादी संस्थेस पाहूं दिली कीं, यादींतील मंडळींस त्याच्या नांवानें निमंत्रण पाठविण्याची सोय होती. निमंत्रणास उत्तर न आल्यास त्याच नांवानें एक स्मरणपत्र जाई, आणि तरीहि मौन राहिल्यास आणखी एक. कांहीं सभासदांनीं २०१३ सालीं कॅलिफोर्नियांतील न्यायालयांत फिर्याद केली. पहिल्या निमंत्रणास सभासदांची संमति होती, पण स्मरणपत्रांस ती होती असें म्हणतां येत नाहीं, असा भेद न्यायालयानें २०१४ सालीं केला. वारंवार पत्रें धाडणारा मनुष्य लोकांस चिवट वाटतो व त्याच्या लौकिकास बाध येऊं शकतो, हेंहि न्यायालयानें ध्यानांत घेतलें. पुढें २०१५ सालीं संस्थेनें दोष मान्य न करतां १ कोटि ३० लक्ष डॉलर देऊन तडजोड केली.

जर्मनींतील सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें जानेवारी २०१६ मध्यें याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली. फिर्याद ग्राहकसंघांच्या मध्यवर्ती मंडळाची होती. 'फेसबुक'कडून सभासद नसलेल्यांस जाणारीं निमंत्रणें हीं मित्राचीं पत्रें नसून संस्थेची जाहिरातच होय, आणि पूर्वसंमतीवांचून ती धाडणें हा उपद्रव आहे, असा निर्णय झाला.

अशा निमंत्रणांमुळें दुरावलेले स्नेही पुन्हां भेटतात, हें खरेंच आहे. परंतु ती भेट घडवावी कीं नाहीं, आणि कितीदां विचारावें, हें ज्याच्या नांवानें पत्र जातें त्यानेंच ठरवावयाचें असतें. पत्त्यांच्या यादींत वृद्ध गुरुजी असतात, एकदांच भेटलेला वैद्य असतो, ज्याच्याशीं बोलणें तुटलें आहे असा भाऊहि असतो. यंत्रास यांतील भेद कळत नाहीं, यजमानास कळतो. यादी दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं सुज्ञ गृहस्थानें एवढेंच पाहावें कीं, आपल्या नांवानें कोणास व कितीदां लिहिलें जाणार आहे. याचें स्पष्ट उत्तर जेथें मिळत नाहीं, तेथें यादी न देण्यांत भिडेचें कांहींच कारण नाहीं.