मागें फिरलेला गोलंदाज

दुसऱ्या महायुद्धांत रात्रीं बाँबफेकीला जाणाऱ्या लँकॅस्टर विमानांत बहुधा सात माणसें असत. त्यांपैकीं दोघे गोलंदाज. एक विमानाच्या पाठीवरील काचेच्या बुरुजांत बसे. दुसरा अगदीं शेपटीच्या टोकाला, तशाच फिरत्या बुरुजांत, इतरांपासून दूर व एकटा. काळोखांत शत्रूचें विमान वेळीं दिसलें तर सातही जण वांचण्याची आशा. म्हणून सर्वांचे प्राण या दोघांच्या डोळ्यांवर अवलंबून असत.

अँड्र्यू मिनार्स्की हा यांपैकीं वरल्या बुरुजांतील गोलंदाज. पोलंडहून कॅनडांत येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांत, विनिपेग शहरीं, १९१६ सालीं त्याचा जन्म झाला. वडील लवकर वारल्यामुळें घरखर्चास हातभार लावण्यासाठीं तो कातडीं कापण्याचें काम करी. १९४१ सालीं तो कॅनडाच्या विमानदलांत दाखल झाला. विमानाचा मागला गोलंदाज पॅट ब्रॉफी हा त्याचा जिवलग मित्र. ब्रॉफी हुद्द्यानें वरचा. म्हणून रात्रीं निरोप घेतांना मिनार्स्की त्याला थट्टेनें सलाम ठोकी.

१२ जून १९४४ च्या रात्रीं त्यांचें विमान इंग्लंडांतून फ्रान्सकडे निघालें. दोस्तांचें सैन्य नॉर्मंडींत उतरून जेमतेम आठवडा झाला होता, आणि जर्मनांची रसद तोडण्यासाठीं कँब्रे येथील रेल्वे यार्डावर बाँब टाकावयाचे होते. मध्यरात्र उलटल्यावर एका जर्मन विमानानें त्यांना गांठलें. डाव्या बाजूचीं दोन्ही इंजिनें बंद पडलीं, दोन्ही बुरुजांच्या मधल्या भागांत आग भडकली आणि वैमानिकानें उड्या टाकण्याचा हुकूम सोडला.

मिनार्स्की दारापाशीं पोंचला. तोंच त्याची नजर ब्रॉफीकडे गेली. मागला बुरूज इंजिनाच्या शक्तीनें फिरे; इंजिन थांबल्यामुळें तो अडकला होता, आणि हातानें फिरविण्याचा दांडाही मोडला होता. मिनार्स्की मागें फिरला. ज्वाळांतून रांगत तो बुरुजापर्यंत गेला. प्रथम कुऱ्हाडीनें आणि मग नुसत्या हातांनीं त्यानें बुरूज हलविण्याची शिकस्त केली. तोंवर त्याचे कपडे व हवाई छत्री पेटली होती. आतां इलाज नाहीं हें जाणून ब्रॉफीनेंच त्याला परत जाण्याची खूण केली. मित्राकडे तोंड ठेवून तो आगींतून मागें सरकला, दारांत ताठ उभा राहिला, सलाम केला आणि पेटत्या कपड्यांनिशीं त्यानें उडी टाकली. खालीं फ्रेंच लोकांना तो सांपडला. पण भाजल्यामुळें थोड्याच वेळांत त्याचा अंत झाला.

इकडे विमान झाडावर आदळलें, बुरूज तुटला आणि ब्रॉफी दूर फेंकला जाऊन जिवंत राहिला! बाकीचे पांचही जण उड्या टाकून वांचले. सातांपैकीं मेला तो फक्त मागें फिरलेला.

मग तें साहस व्यर्थ गेलें काय? व्यवहारी मनुष्य हिशेब मांडून होय म्हणेल. परंतु मिनार्स्की दारापासून वळला, तेव्हां त्यानें असा कोणताच हिशेब केला नव्हता. मित्र एकटा जळतो आहे, एवढेंच त्याला दिसलें. शौर्याची पारख त्या वळण्यांत आहे, फळांत नव्हे.

११ ऑक्टोबर १९४६ रोजीं, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळानें, त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. १९४४ च्याच उन्हाळ्यांत इटलींत धारातीर्थीं पडलेल्या मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे या वीरास लाभलेलें पदकही हेंच. मिनार्स्कीला तें मिळालें, कारण ब्रॉफी परत आला आणि त्यानें पाहिलेलें सांगितलें. त्या ज्वाळांत दुसरा साक्षीदार नव्हता.

ब्रिटिश बाँबर कमांडच्या सुमारें १,२५,००० विमानसैनिकांपैकीं ५५,५७३ जण या युद्धांत मरण पावले. त्यांपैकीं किती जण असेच दारापासून मागें फिरले असतील आणि त्यांचा साक्षीदारही त्यांच्याबरोबरच जळून गेला असेल! पदकांची यादी वाचतांना, जीं नांवें तींत येऊंच शकलीं नाहींत, त्यांनाही मनोमन एक सलाम करणें हें आपलें कर्तव्य आहे.